पंगत उठल्यावर मसालेभाताचं काय होतं?

एप्रिलमधली लग्नतिथी, सांगली-मिरज रस्त्यावरचं एखादं मंगल कार्यालय, दुपारचे तीन वाजलेले. पाहुणे अंदाजापेक्षा कमी आलेले असतात आणि भटारखान्यात मसालेभाताचं एक मोठं पातेलं जवळजवळ हात न लावलेलं उरतं. कुणीतरी म्हणतं, "सिव्हिलला पाठवून द्या की, पेशंटचे नातेवाईक खातील." मग फोनाफोनी, टेम्पोची शोधाशोध. पातेलं निघायला पाच वाजतात, वाटप सुरू व्हायला सात. हेतू चांगलाच असतो, पण तो भात लोकांच्या पोटात सुखरूप जाईल की नाही, हे मधल्या चार तासांत ठरतं.

तांदळाबरोबर शेतातल्या मातीतून 'बॅसिलस सिरियस' नावाच्या जिवाणूचे बीजाणू, म्हणजे त्याची टणक कवचातली सुप्त रूपं, येतात. भात शिजताना जिवाणू मरतात, बीजाणू मात्र तग धरतात. भात निवत निवत पन्नास अंश सेल्सिअसच्या खाली आला की ते रुजतात आणि वाढू लागतात. अनुकूल परिस्थितीत वीस मिनिटांत एकाचे दोन होतात असं धरलं, तर सहा तासांत एकाचे अडीच लाखांहून जास्त होतात. सांगलीत एप्रिल-मेमध्ये दुपारचा पारा ३८-४० अंशांना टेकतो. म्हणजे भात नुसता झाकून ठेवला, तरी त्या जिवाणूंना हवी तशीच ऊब मिळत राहते.

वाढताना हा जिवाणू भातात 'सेरुलाइड' नावाचं विष सोडू शकतो. "पुन्हा एकदा चांगलं गरम करून वाढू," हा आपल्याकडचा नेहमीचा उपाय इथे चालत नाही. गरम केल्यावर जिवाणू मरतील, पण एकदा तयार झालेलं सेरुलाइड उकळीनेही नष्ट होत नाही. वासात फरक नाही, चवीत फरक नाही. खाल्ल्यावर काही तासांत उलट्या सुरू झाल्या, की मगच कळतं.

धडधाकट माणूस यातून बहुधा दिवसभरात सावरतो. पण आपण ते अन्न पाठवतो कुणाकडे? मिरजेच्या दवाखान्यांबाहेर रात्र काढणाऱ्या म्हाताऱ्या आईकडे, ऊसतोडीच्या खोपटातल्या दोन वर्षांच्या पोराकडे, आधीच अशक्त असलेल्या माणसाकडे. त्यांच्या शरीराला उलट्या-जुलाब सोसत नाहीत. म्हणून उरलेल्या अन्नाची कसोटी पंगतीतल्या अन्नापेक्षा कडकच हवी, असं माझं ठाम मत आहे. जे आपण आपल्या घरच्या लेकराला रात्री वाढणार नाही, ते दुसऱ्याच्या लेकराला पाठवायचं नाही.

यातला नियम सोपा आहे. शिजलेलं अन्न ६० अंशांच्या वर तरी ठेवायचं, नाहीतर ५ अंशांच्या खाली. या दोहोंच्या मधल्या पट्ट्यात ते दोन तासांपेक्षा जास्त राहू द्यायचं नाही. अडचण येते ती मोठ्या पातेल्याची. हातभर खोल पातेल्यातला भात कडेला कोमट लागतो, पण मधोमध डाव खुपसून वर काढला की वाफ येते. भात किंवा घट्ट आमटीत उष्णता आतून बाहेर फार सावकाश येते. थराची जाडी निम्मी केली, तर निवायला लागणारा वेळ साधारण चौथ्या हिश्शावर येतो. म्हणून उरलेलं अन्न थंड करून पाठवायचं असेल, तर ते लगेच स्वच्छ परातींमध्ये दोन-तीन बोटं जाडीने पसरावं आणि शीतपेटीत किंवा बर्फावर ठेवावं. अन्न पाठवण्यापूर्वी करण्यासारखं याहून मोलाचं काम क्वचितच असेल. तेवढी सोय नसेल, तर मंद आचेवर वाफाळतं ठेवून त्याच तासाभरात जवळपास वाटावं. टोचून तापमान दाखवणारा तापमापक काही फार महाग नसतो. प्रत्येक आचाऱ्याच्या सामानात तो असायला हवा.

घट्ट वरण, आमटी आणि मटणाचा रस्सा यांना आणखी एक धोका असतो. खोल पातेल्याच्या तळाशी हवा पोचत नाही, आणि 'क्लॉस्ट्रिडियम परफ्रिन्जेन्स' या जिवाणूला तेच मानवतं. ४३ ते ४७ अंशांच्या दरम्यान तो दहा-दहा मिनिटांत दुप्पट होऊ शकतो.

सगळेच पदार्थ असे नाजूक नसतात. जिलेबी आणि बुंदीच्या लाडवात साखर इतकी असते की जिवाणूंना वापरता येईल असं मोकळं पाणी उरतच नाही. आपल्या जिल्ह्याला हे तत्त्व नवं नाही. तासगावचे बेदाणे आणि सांगलीची भडंग टिकतात, तेही असं मोकळं पाणी नसल्यामुळेच. पुऱ्या-चपात्या भातापेक्षा उशिरा बिघडतात. मात्र गरम असताना प्लास्टिकच्या पिशवीत कोंबल्या, तर घाम सुटून लवकर खराब होतात. बासुंदी, श्रीखंड आणि पनीर जपून. वाढप्यांच्या हातावरचा 'स्टॅफिलोकॉकस' हा जिवाणू दुधाच्या पदार्थांत मजेत वाढतो आणि त्याचंही विष उकळून जात नाही. दिवसभर उघड्यावर राहिलेली बासुंदी कुणालाच देऊ नये.

देशात यासाठी कायद्याची चौकट आहे. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१९ मध्ये उरलेलं अन्न गोळा करणं आणि वाटणं याविषयी स्वतंत्र नियम केले. अन्न वेगळं, स्वच्छ भांड्यात ठेवणं, त्यावर पदार्थाचं नाव, तो कुठून आला, कधी बनला, शाकाहारी की मांसाहारी हे लिहिणं आणि वाटपाची नोंद ठेवणं, असं त्यात अपेक्षित आहे. सराईच्या गडबडीत हे सगळं तीन वाजता सुचणार नाही. कार्यालय ठरवतानाच केटररशी बोलून ठेवलं आणि वाटप करणाऱ्या मंडळींना आदल्या दिवशीच वेळ दिली, तरच ते होतं. शेवटच्या पंगतीला किती पानं आहेत हे दीडच्या सुमारास कळतं. अन्न पाठवायचा निर्णय तेव्हाच घ्यावा.

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालानुसार, २०२२ मध्ये जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेलं. त्यातलं साठ टक्के घराघरांतून गेलं. एक किलो तांदळामागे जागतिक सरासरीने सुमारे २५०० लिटर पाणी खर्ची पडतं. म्हैसाळ आणि टेंभू योजनांतून कृष्णेचं पाणी पंपाने टप्प्याटप्प्याने उचलून जत-आटपाडीच्या दुष्काळी भागाकडे न्यावं लागतं. आपल्या सांगली जिल्ह्याला या आकड्याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

आणि ताटातलं उष्टं? ते माणसांना द्यायचं नाही, हे आपण जाणतो. पण ते बुट्ट्या भरभरून गाईपुढे ओततो, आणि तिथे अनर्थ होतो. गाईच्या कोठीपोटातले सूक्ष्मजीव वैरण पचवायला सरावलेले असतात. एकदम ढीगभर भात, पोळ्या आणि गोडधोड पडलं की तिथे लॅक्टिक आम्ल भराभर तयार होतं. जनावर चारा सोडतं, सुस्तावतं, वेळेत उपचार झाले नाहीत तर दगावतंही. उकिरड्यावर टाकलं, तर ढिगाच्या पोटात हवेविना कुजून मिथेन सुटतो. हा वायू शंभर वर्षांच्या हिशोबाने कार्बन डायऑक्साइडपेक्षा सुमारे २८ पट उष्णता अडवतो. हाच मिथेन बायोगॅसच्या टाकीत पकडला, तर त्यावर चूल पेटते आणि उरलेली मळी शेतात जाते. ज्या कार्यालयांत तिथीमागून तिथी पंगती उठतात, त्यांच्या आवारात उष्ट्यासाठी अशी टाकी बसवणं सहज शक्य आहे. पत्रावळी आणि प्लास्टिकचे ग्लास तेवढे आधी वेगळे काढावे लागतील.