आगबोटीचा धूर लहान कसा करायचा?

आगगाडी म्हटली की झुकझुक आलीच. आगबोट म्हटली की मात्र कुणी झुकझुक म्हणत नाही. मराठीनं दोन्ही वाहनांचं बारसं आगीवरूनच केलं. दोन्हींच्या पोटात कोळसा, बॉयलर आणि वाफेनं मागेपुढे सरकणारा दट्ट्या. मुंबईहून कोकणात आणि गोव्याला जाणाऱ्या बोटींना लोक आगबोटच म्हणत, त्यांच्या धुराड्यातून धूरही निघे. मग तो झुकझुक करत का निघत नसे?

मीटर-दीड मीटर लांबीच्या, रिमोटवर चालणाऱ्या बोटी बनवणाऱ्यांना हा प्रश्न फार लवकर भेटतो. सांगाडा झाला, रंग झाला, तळ्यावर बोट चालली, आता धुराड्यातून धूर हवा. धूर काढणारं तयार यंत्र बाजारात मिळतं. ते बसवून बटण दाबलं की धूर येतो आणि इतका वेळ खरी वाटणारी बोट एकदम खेळण्यासारखी दिसायला लागते. असं का होतं हे शोधण्यात मला बोट बनवण्याइतकाच आनंद मिळतो.

रेल्वेचं इंजिन वापरून झालेली वाफ धुराड्यातून सोडून देतं. दट्ट्याच्या प्रत्येक फटक्याला एक भपका, तोच आपला ‘झुक’. त्या भपक्याबरोबर भट्टीतली हवा वर खेचली जाते आणि आग फुलते. पाणी संपलं तर पुढच्या स्टेशनवर भरता येतं. भर समुद्रात गोडं पाणी कुठून आणणार? खारं पाणी बॉयलरमध्ये घातलं तर आत क्षारांचे थर बसतात. म्हणून समुद्रावरच्या बोटीत वापरलेली वाफ कंडेन्सरमध्ये थंड करून तिचं पाणी पुन्हा बॉयलरकडे पाठवतात. धुराड्यातून निघतो तो फक्त भट्टीतला धूर, सलग आणि संथ. टायटॅनिकच्या मॉडेलमधून भकभक करत धूर काढला तर ती चूकच. चौथ्या धुराड्यातून बाकीच्या तिघांइतका दाट धूर काढला तर तीही चूक, कारण त्या धुराड्याला एकही बॉयलर जोडलेला नव्हता. ते मुख्यतः आतली हवा बाहेर काढण्यासाठी होतं.

झुकझुक करणारी बोट बघायची तर जुन्या काळातल्या स्कॉटलंडला जावं लागतं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर तिथल्या फोर्थ-क्लाइड कालव्यात मालवाहू बोटींवर वाफेची इंजिनं बसू लागली. कालव्याचं पाणी गोडं, हवं तेवढं उपसा. मग कंडेन्सरचा खर्च कशाला? वापरलेली वाफ सरळ धुराड्यात सोडली जाई आणि बोट फक्‌-फक्‌ करत पुढे जाई. त्यावरून तिला नावच पडलं ‘पफर’. पुढे याच जातीच्या बोटी पश्चिम किनाऱ्यावरच्या बेटांना कोळसा पोचवण्यासाठी समुद्रात उतरल्या, त्यांना कंडेन्सर आले, फकफक थांबली, नाव मात्र राहिलं. कालव्याच्या लॉकमध्ये, म्हणजे बोट वर-खाली नेण्यासाठी पाणी भरायच्या-सोडायच्या दारबंद कप्प्यात, मावायला हवी म्हणून लांबी ६६ फुटांच्या आसपास, म्हणजे साधारण २० मीटर. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश नौदलासाठी याच घाटाच्या बोटी बांधल्या गेल्या. त्यांतली १९४३ सालची, कोळशावर चालणारी ‘व्हीआयसी ३२’ जिव्हाळ्यानं जपली गेली आहे. मॉडेल करणाऱ्यांची ही फार लाडकी बोट. आखूड, गुबगुबीत, धुराडं उंच. १:१६ प्रमाणात ती सव्वा मीटरची होते आणि आत यंत्रं ठेवायला ऐसपैस जागा मिळते.

या पफरचं सगळं सोळापट लहान केलं की काम झालं, असं वाटतं. लांबी लहान होते, रुंदी होते, धुराडंही होतं. गुरुत्वाकर्षण होत नाही.

हा पेच जहाजबांधणीत विल्यम फ्रूड यांनी सोडवला. इंग्लंडमध्ये टॉर्की इथे घराशेजारी लांबलचक हौद बांधून १८७२च्या सुमारास ते त्यात जहाजांची छोटी प्रतिरूपं ओढून पाहत. मोठ्या जहाजाभोवती उठते तशीच लाट छोट्याभोवती उठायला हवी असेल, तर वेग लांबीच्या प्रमाणात कमी करायचा नाही, लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात करायचा, हा त्यांचा नियम. सोळाचं वर्गमूळ चार. ताशी १३ किलोमीटरनं जाणारा पफर तळ्यात ताशी सव्वातीन किलोमीटरनं, रमतगमत चालणाऱ्या माणसाच्या चालीनं गेला, की त्याच्या लाटा खऱ्या दिसतात.

धुराचंही तसंच आहे. गरम धूर वर चढतो तोही गुरुत्वाकर्षणामुळेच, कारण तो भोवतालच्या हवेपेक्षा हलका असतो. म्हणून वाऱ्यालाही हाच नियम लावावा लागतो. झाडाची पानं हलवणारी, ताशी १२ किलोमीटरची झुळूक आपल्याला सुखाची वाटते. आपल्या पफरसाठी मात्र तो ताशी ४८ किलोमीटरचा, मोठ्या फांद्या झुलवणारा वारा असतो. धूर धुराड्याबाहेर पडताक्षणी आडवा होऊन फाटतो. तळ्यावर पहाटे जायचं ते यासाठी.

दुसरी अडचण देवघरात बघायला मिळते. खिडक्या बंद करून उदबत्ती लावा. धुराची रेघ आधी सरळ, रेशमी वर जाते. वीतभर वर गेल्यावर ती डळमळते, वळसे घेते आणि विस्कटते. प्रवाह शहाण्यासारखा कुठवर वागेल आणि कुठून पिसाटेल हे त्याचा वेग, रुंदी आणि चिकटपणा यांवर ठरतं. मँचेस्टरमध्ये ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी १८८३ साली काचेच्या नळीतल्या पाण्यात रंगाची धार सोडून हे दाखवून दिलं. प्रवाह रुंद आणि वेगवान असेल तर तो पिसाट. आपल्या मॉडेलचं धुराडं सोळापट अरुंद आणि धुराचा वेग चौपट कमी, म्हणजे पिसाटपणाचं माप ६४ पट घटलं. खऱ्या धुराड्यातून धूर बाहेर पडतो तोच फुलकोबीसारखा गुंतागुंतीचा, मॉडेलमधून निघतो उदबत्तीसारखा. बघणाऱ्याला हे शास्त्र ठाऊक नसतं, पण डोळ्याला आयुष्यभराची सवय असते. रेशमी रेघ दिसली की डोळा सांगतो, वस्तू छोटी आहे. उपाय सोपा आहे. धुराड्याच्या आत तोंडाच्या जरा खाली तारेची जाळी किंवा वेडेवाकडे वाकवलेले पत्र्याचे दोन-तीन तुकडे बसवायचे. धूर त्यांना आपटून आतच विस्कटतो.

आता धूर आणायचा कुठून? एक रस्ता तेलाचा. छोट्या टाकीत खनिज तेल, त्यात वात, वातीभोवती तापणारी नायक्रोमची तार आणि खालून फुंकणारा पंखा. तेलाची वाफ थंड हवेत मिसळते आणि तिचे बारीक थेंब होतात, बहुतेक एक मायक्रॉनहूनही, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही लहान. जळलेलं यात काहीच नसतं, खरं तर हे तेलाचं धुकं. ते सहज विरत नाही, रेंगाळतं, म्हणून फार खरं वाटतं. पण वात कोरडी पडली की जळते, तेलाचा तवंग डेकवर आणि पाण्यावर बसतो. बंद लाकडी बोटीत लिथियमच्या बॅटरीशेजारी तापलेली तार ठेवताना ठरावीक तापमानाला वीज तोडणारा कटआउट लावलाच पाहिजे. या बाबतीत मी कसलीही तडजोड मान्य करत नाही.

दुसरा रस्ता पाण्याचा. अल्ट्रासॉनिक चकती सेकंदाला सुमारे १७ लाख वेळा थरथरते आणि वरच्या पाण्यातून तीनेक मायक्रॉनचे थेंब उडवते. आग नाही, तेल नाही. माझ्या टेबलावर डब्यात अशी चकती सुरू केली की पाण्यावर बोटभर उंचीचा कारंजासारखा उंचवटा उभा राहतो आणि भोवती पांढरंशुभ्र धुकं दाटतं. डबा काठोकाठ भरला की ते धुकं काठावरून ओघळून टेबलावर पसरतं आणि कडेवरून खाली जमिनीकडे जातं. उतू जाणाऱ्या दुधासारखं. थेंब जड म्हणून पडतात म्हणावं, तर एवढा थेंब स्थिर हवेत सेकंदाला पाव मिलिमीटरच्या आसपास उतरतो. खाली जातो तो सगळा ढगच. कडेचे थेंब सुकताना भोवतालची हवा थंड करतात, थंड हवा जड होते आणि उरलेल्या थेंबांना घेऊन खाली सरकते. माठातलं पाणी ज्या कारणानं गार होतं त्याच कारणानं हा धूर धुराड्यावरून डेकवर सांडतो. खऱ्या भट्टीचा धूर २०० अंशांच्या पुढचा, तो वर झेपावतो, आणि आपला लोळण घेतो.

पंख्यानं जोर लावला तर तो वर जातो, पण बाहेरची कोरडी हवा मिसळून लवकर विरतो. गरम केला तर हलका होतो, पण गरम हवा पाणी पिऊन टाकते. मे महिन्यातल्या पुण्याच्या दुपारी हे धुकं धुराड्याच्या तोंडाशीच नाहीसं होईल, श्रावणातल्या सकाळी बराच वेळ टिकेल. त्यात बोट हेलकावे खाते, पाणी कलतं, चकती उघडी पडली की खराब होते, म्हणून ती तरंगत्या कड्यात बसवतात. मला विचाराल तर कालव्यातल्या जुन्या पफरसारख्या बोटीला पाण्याचंच धुकं शोभतं, कारण तिच्या धुराड्यातून खरोखरच पाण्याची वाफ निघत असे. फकफक आणायला धूर फुंकणाऱ्या पंख्याला बोट चालवणाऱ्या मुख्य शाफ्टवरून, म्हणजे फिरत्या दांड्यावरून, इशारा द्यावा. शाफ्टवर एक चुंबक, शेजारी सेन्सर. बोट हळू झाली की फकफकही आपोआप हळू होते. प्रत्येक भपका बाहेर पडताना कडेनं मागे वळतो आणि त्याचं मऊ कडं होतं.

काळा धूर मात्र यांतल्या कुठल्याच रस्त्यानं येत नाही. कोळशाचा धूर काळा दिसतो, कारण त्यातली काजळी प्रकाश गिळते. तेलाचे आणि पाण्याचे थेंब प्रकाश गिळत नाहीत, विखुरतात, म्हणून पांढरे किंवा निळसर दिसतात. काजळी उडवून तळ्याकाठच्या मुलांच्या छातीत भरायची नसेल, तर बोट कुठून बघायची हे ठरवता येतं. पलीकडच्या काठावर गर्द झाडी असेल तर पांढरा धूर उठून दिसतो. तोच धूर उजळ आकाशासमोर आला की मळकट, करडा होतो, आणि कोळशाच्या जरा जवळ जातो.

मोबाइलवर चित्रण करताना सेकंदाला १२० चित्रं घेऊन ती ३०च्या गतीनं दाखवली, तर सगळं चौपट संथ होतं. १:१६च्या बोटीला हवं असतं नेमकं तेवढंच. तळ्यावरची बारीक लाट भरतीच्या लाटेसारखी जड होऊन येते, भपका सावकाश उलगडतो, आणि सव्वा मीटरच्या बोटीला २० मीटरच्या बोटीचं वजन येतं.