पोर्ट बदललं म्हणजे सर्व्हर सेफ झाला का?

"एसएसएचचं पोर्ट 22 वरून 2222 करा, मग सर्व्हर कोणीच हॅक करू शकत नाही" (एसएसएच म्हणजे लांबून सर्व्हरवर लॉगिन करायची सोय, अन् पोर्ट म्हणजे ती ज्या नंबरच्या दारावर चालते ते दार) हा मेसेज लई वर्षांपासून फिरायलाय, आमच्या लातूरच्या ग्रुपमधी पण येत राहतो. पटतो कारण पोर्ट बदललं की लॉगमधले (सर्व्हरच्या नोंदवहीतले) फेल लॉगिन खरंच एकदम कमी होतात, मग माणसाला वाटतंच काम झालं.

पण बगा, पोर्ट एकूण 65535 आणि एनमॅपसारखं टूल ते सगळे तपासू शकतं, अन् एसएसएच तर कनेक्ट झाल्याझाल्या स्वतःच नाव सांगतं. वाड्याचं दार मागच्या गल्लीत नेलं, कुलूप तेच जुनं. चेक करायचंय तर आपल्याच सर्व्हरच्या त्या पोर्टला नेटकॅट (पोर्टला थेट जोडणारं छोटं टूल) लावा, पहिलीच ओळ 'एसएसएच-2.0' अशी सुरू होते.

खरं काम की-लॉगिन (पासवर्डऐवजी की फाइलनं लॉगिन) करतं. आधी की बनवून सर्व्हरवर टाका, तिनं लॉगिन होतंय का बघा, मगच पासवर्ड अन् रूट (सर्व्हरचा मुख्य ॲडमिन) लॉगिन बंद करा, आणि तोवर जुनं सेशन चालू ठेवा, काही चुकलं तर तेच वाचवतं. फायरवॉल (नको ती कनेक्शन अडवणारी भिंत) चालू करायच्या आधी एसएसएचचं पोर्ट अलाऊ करा, नाहीतर आपणच बाहेर! शेवटी की नसलेल्या मशीनवरून लॉगिन करून बघा, पासवर्ड न विचारता 'परमिशन डिनाइड' आलं की सेटिंग लागली.

पोर्ट बदलायचंच तर बदला, लॉग साफ राहतो, फक्त 1024 च्या आतलं रिकामं पोर्ट घ्या, वरचं पोर्ट सर्व्हरवरचा साधा युजर पण उघडू शकतो, अन् तिथं स्वतःचं खोटं एसएसएच बसवू शकतो.