गाडीची स्प्रिंग तुटली? घरी काय कराल, आमच्याकडे काय आणाल

(शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर येथील आमच्या गॅरेजच्या ग्राहकांसाठी)

दारात उभी गाडी एका कोपऱ्यात बसलेली दिसते, स्टेअरिंग पूर्ण वळवलं की पुढून ‘टण्ण’ वाजतं, गतिरोधक उतरताना खडखड होते. अशा वेळी शॉकअपला दोष देण्याआधी स्प्रिंग बघा. गाडी सपाट फरशीवर लावा आणि चाकाच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची टेपने मोजा. डाव्या-उजव्या बाजूत ठळक फरक आला, तर टॉर्च घेऊन खाली वाका. तुटलेला तुकडा बहुधा स्प्रिंगच्या खालच्या बैठकीतच पडलेला असतो, त्यामुळे वरवर पाहून काही कळत नाही.

स्प्रिंग बहुतेक वेळा टोकाजवळच्या वेढ्यात तुटते. उडालेल्या खड्यांनी तिथला रंग निघतो, बैठकीत चिखल साचतो. गगनबावड्याकडे पावसाळाभर ये-जा असणाऱ्यांची ती जागा महिनोन्‌महिने ओलीच राहते. गंजाने बारीक खड्डा पडतो, त्यातून चीर जाते आणि मग एखाद्या साध्या खड्ड्यातही स्प्रिंग तुटते. पुढच्या स्प्रिंगचं तुटकं टोक टायरला घासून टायर फाडू शकतं. म्हणून तशी गाडी ‘हळूहळू नेतो’ म्हणत घाटात घालू नका.

उद्यमनगरात वेल्डिंगवाला हाकेवर आहे, हे आम्हालाही माहीत आहे. तरी स्प्रिंगला टाका मारू नका. तिचं पोलाद ठरावीक उष्णता देऊन तयार केलेलं असतं. वेल्डिंगच्या आचेने ते ‘पाणी’, म्हणजे पोलादाचा कणखरपणा, उतरतं आणि टाक्याशेजारीच ती पुन्हा तुटते.

आता घरी करायचं काम. कोल्हापुरात पाना धरता येणारी माणसं गल्लोगल्ली आहेत, त्यामुळे ‘हात लावू नका’ असं आम्ही सरसकट सांगणार नाही. मागची आणि पुढची स्प्रिंग मात्र वेगवेगळी प्रकरणं आहेत.

स्विफ्टसारख्या गाडीत मागची स्प्रिंग शॉकअपपासून वेगळी बसते. पुढच्या चाकांना पुढून-मागून दगड लावा, मागची बाजू उचला आणि बॉडी स्टॅण्डवर ठेवा. नुसत्या जॅकवर कधीही नाही, विटांवर तर नाहीच. चाकं काढा, अ‍ॅक्सलखाली जॅकचा आधार द्या, मग दोन्ही शॉकअपचे खालचे बोल्ट काढून जॅक सावकाश उतरवा. अ‍ॅक्सल पुरेसा खाली आला की स्प्रिंग सैल होऊन हातात येते. या वेळी ब्रेकचा होज (रबरी नळी) आणि एबीएसची (ब्रेक मारताना चाक अडकू न देणाऱ्या यंत्रणेची) वायर ताणली जात नाही ना, याकडे लक्ष ठेवा. स्प्रिंग सैल होत नसेल तर पहारीने ओढू नका, तिथेच थांबून फोन करा. नवी बसवताना रबराची बैठक तपासा, तारेचं टोक बैठकीतल्या खाचेला टेकवा. शॉकअपच्या खालच्या बोल्टांचा शेवटचा ताण गाडी चाकांवर उतरवल्यानंतरच द्या, नाहीतर बुश (बोल्टाभोवतीचं रबर) पिळलेल्या अवस्थेत आवळला जातो आणि लवकर फाटतो.

पुढची स्प्रिंग शॉकअपवरच दाबून बसवलेली असते. गाडी उचलली, चाक लोंबकळलं, म्हणजे ती मोकळी झाली असं नाही. ती तेव्हाही दोन बैठकांमध्ये दाबलेलीच असते. तिला तिथे धरून ठेवणारी गोष्ट एकच, वरचा मधला नट. तो आधी सोडला तर स्प्रिंग माउंटिंगसकट (वरच्या बैठकीसकट) उडते आणि समोर कोण आहे हे बघत नाही. स्प्रिंग दाबायचे हुकांचे कॉम्प्रेसर बाजारात मिळतात. ते समोरासमोर लावून आळीपाळीने थोडे थोडे आवळायचे असतात. पण तुटक्या स्प्रिंगवर हुकाला नीट पकड मिळेलच असं नाही. याचा नाद घरी नको.

मधला मार्ग आम्ही सुचवतो. शॉकअप स्प्रिंगसकट अख्खा उतरवून आणा. लिंक रॉड (शॉकअपला जोडलेली बारीक दांडी), ब्रेक होजची क्लिप आणि वायर सोडवा, खालचे दोन बोल्ट काढण्याआधी त्यांच्या जागेवर मार्करने खूण करा, शेवटी बॉनेटखालचे कडेचे नट काढा. मधल्याला हात नाही. काही गाड्यांत वरची रचना वेगळी असते आणि सगळा डोलारा मधल्याच नटावर असतो. म्हणून पाना लावण्याआधी मॉडेल सांगून विचारून घ्या. आम्ही तुमच्यासमोर प्रेसवर, म्हणजे स्प्रिंग दाबून धरणाऱ्या यंत्रावर, स्प्रिंग बदलून देतो. बेअरिंग, बम्प स्टॉप (शॉकअप पूर्ण दबल्यावर धक्का झेलणारं रबर) आणि धूळ अडवणारं रबर त्याच वेळी बघून घेतो. परत बसवायचं काम तुमचं, आणि त्यानंतर चाकांची अलाइनमेंट (चाकं सरळ रेषेत जुळवणं) करायलाच हवी.

स्प्रिंग एकाच बाजूची तुटली तरी दोन्ही बाजूंची बदला. जुनी दबलेली आणि नवी ताठ, अशी जोडी लावली की गाडी एका अंगाला झुकते. ज्यांच्या मागे पाटे (गोल स्प्रिंगऐवजी पोलादी पट्ट्या) आहेत त्या बोलेरोवाल्यांना यातलं मागच्या स्प्रिंगचं काहीच लागू नाही.

येताना जुनी स्प्रिंग सगळ्या तुकड्यांसह आणा, तिच्यावरचे रंगाचे ठिपके पुसू नका. एकाच मॉडेलच्या पेट्रोल आणि डिझेल गाडीच्या स्प्रिंगा वेगळ्या असू शकतात, आणि ते ठिपके ओळख पटवायला मदत करतात. आरसीची प्रतही सोबत ठेवा, चॅसी नंबरवरून माल मागवता येतो. शॉकअप दुपारच्या आत आणलात तर बरं, संध्याकाळी प्रेसवर गर्दी असते.