एमएसमधील बौद्धिक घसरण आणि मेंदूचा एमआरआय

मल्टिपल स्क्लेरोसिस किंवा एमएस या आजारात प्रतिकारशक्ती मेंदू, मज्जारज्जू आणि डोळ्याच्या नसेतील मज्जातंतूंभोवतीच्या मायलिन या संरक्षक आवरणावरच उलटते. पाय जड पडला, दिसणे धूसर झाले की लगेच धावाधाव होते; विचाराचा वेग मंदावल्याचे मात्र घरच्यांनाही उशिरा उमगते. सुमारे 40 ते 65 टक्के रुग्णांत अशी घसरण आढळते. हिशेब जमतो पण वेळ लागतो, चार जण एकदम बोलू लागले की धागा सुटतो.

एमआरआयच्या फ्लेअर नावाच्या प्रकारच्या चित्रांत मेंदूतील पोकळ्यांभोवती पांढरे डाग दिसतात. रुग्ण ते मोजत बसतात, पण डागांच्या संख्येवरून बुद्धीची अवस्था ठरवता येत नाही. तिचे अधिक घट्ट नाते थॅलॅमस (मेंदूच्या मध्यभागातील संदेश पुढे पोहोचवणारे केंद्र) आणि मेंदूच्या करड्या भागाच्या (चेतापेशी असलेल्या भागाच्या) आकसण्याशी आहे. निरोगी प्रौढात मेंदूचे आकारमान वर्षाला साधारण 0.1 ते 0.3 टक्के घटते, उपचाराविना एमएसमध्ये 0.5 ते 1.35 टक्के.

एवढा बारीक फरक टिपताना मराठवाड्यात अडचण येते. हिंगोलीचा रुग्ण पहिला एमआरआय नांदेडला काढतो, दुसरा छत्रपती संभाजीनगरला, तिसरा हैदराबादला. यंत्र बदलले की दिसलेली घट आजाराची की यंत्राची, हे सांगता येत नाही. म्हणून शक्यतो केंद्र एकच ठेवावे. एमआरआयमधील मेंदूचे काप 3 मिलिमीटरपेक्षा जाड नसावेत, मधे फट नसावी. फिल्मवरून आकारमान नीट मोजता येत नाही, तेव्हा डायकॉम सीडी (मूळ डिजिटल चित्रांची सीडी) आठवणीने मागून घ्यावी आणि जपावी. औषध सुरू केल्यावर 3 ते 6 महिन्यांनी तुलनेसाठी नवा एमआरआय काढतात, पुढे बहुधा वर्षातून एकदा. शरीरात पाणी कमी असेल किंवा नुकतेच स्टेरॉइड दिले असेल, तर मेंदू तात्पुरता आकसलेला दिसतो.

बुद्धीची तपासणी त्याहून स्वस्त आहे. एसडीएमटी चाचणीत 90 सेकंदांत चिन्हांना नेमून दिलेले अंक सांगायचे असतात. आधीच्यापेक्षा 4 गुण कमी आले तर दखल घ्यावी. कमी शिकलेल्यांचे गुण मुळातच कमी येतात; त्यांना इतरांच्या सरासरीशी तोलणे अन्यायाचे आहे, त्यांची तुलना त्यांच्याच जुन्या गुणांशी करावी. दरवेळी तोच कागद दिला तर सरावाने गुण वाढतात. उष्णतेने एमएसची लक्षणे तात्पुरती बळावतात, म्हणून मे महिन्यात उन्हातून, एसटीने आलेल्या रुग्णाला आधी सावलीत बसवून पाणी द्यावे, मगच चाचणी घ्यावी. आणि गुण घटले तरी नैराश्य, अपुरी झोप, थायरॉइडचा बिघाड व बी-12ची कमतरता तपासल्याशिवाय दोष एमएसवर टाकू नये. यांपैकी बऱ्याच गोष्टींवर उपचार तालुक्याच्या गावीही होतात.