वैयक्तिक ध्वनिक्षेत्रांचे दृश्यीकरण

एकाच खोलीतल्या माणसांपैकी कोणासाठी लावलेला आवाज कुठवर पोहोचतो, हे रंग, रेषा किंवा प्रकाशाने दाखवण्याचे तंत्र. हेडफोन न लावता प्रत्येकाला आपापला आवाज मिळावा, ही कल्पना ध्वनिसंशोधक ड्रॉइव्हेस्टाइन आणि गरास यांनी १९९७ मध्ये मांडली. त्यासाठी अनेक स्पीकर वेगवेगळ्या विलंबाने व जोराने वाजवतात. ध्वनिलहरी एका जागी एकमेकींना बळ देतात, दुसऱ्या जागी एकमेकींना खोडतात. पहिल्या जागेला उजळ क्षेत्र म्हणतात, दुसरीला अंधारे. या दोन्हींतला फरक जास्तीत जास्त वाढवण्याची गणिती रीत चोई आणि किम यांनी २००२ मध्ये दिली.

नकाशासाठी खोलीभर मायक्रोफोनची जाळी मांडून ठिकठिकाणचे डेसिबल रंगांत उतरवतात. सीमारेषा कुठे ओढायची, हे मात्र मोजणारा ठरवतो. आवाज हळूहळू विरतो, त्याला गडगा नसतो. त्यामुळे ठळक रेघेचा सुबक नकाशा बहुधा फसवा असतो.

शिवाय एका खोलीला एक नकाशा पुरत नाही. कोकणातल्या जुन्या कौलारू घरात मधल्या भिंती पुष्कळदा आढ्यापर्यंत जात नाहीत. ओटीवर डबलबारी भजनाची तालीम चालू असली, तर झांजांचा तीव्र नाद जांभ्याच्या भिंतीआड बराच मंदावतो. पखवाजाच्या कणीक लावलेल्या डाव्या पुडीचा घुमारा मात्र भिंतीवरून वळून माजघरात पसरतो. १०० हर्ट्झची लहर सुमारे साडेतीन मीटर लांब असते, ३,००० हर्ट्झची जेमतेम ११-१२ सेंटिमीटर. म्हणून उशीएवढे उजळ क्षेत्र तीव्र स्वरांपुरते आखता येते, खर्जाला तेवढ्यात कोंडता येत नाही. प्रत्येक वारंवारतापट्ट्याचा नकाशा वेगळा काढावा लागतो. ‘सरासरी’ नकाशा दिसायला सोपा, पण माजघरात झोपू पाहणाऱ्याच्या काही कामाचा नाही.

हवामानही नकाशा बिघडवते. ध्वनीचा वेग २० अंश सेल्सिअसला सेकंदाला सुमारे ३४३ मीटर, तर ३२ अंशांना सुमारे ३५१ मीटर असतो. तेवढ्यानेही लहरींचा मेळ चुकतो, आणि जानेवारीच्या पहाटे आखलेले अंधारे क्षेत्र मे महिन्याच्या दुपारी गळू लागते. खिडकी उघडली किंवा माणूस जागचा हलला, तरी तेच. खोलीत कायमचे मायक्रोफोन ठेवून दुरुस्ती करता येते. पण मग तेच मायक्रोफोन घरातले बोलणेही टिपू शकतात, आणि ते कोणाच्या हाती जाते हे कोणत्याच नकाशात दिसत नाही.