डॅशकॅमचं कार्ड मुकाट्यानं मरतं

गेल्या मे महिन्यात नागपूरला वर्धा रोडवर सिग्नलला उभा होतो आणि मागून एका टेम्पोनं ठोकलं. फार नाही, बंपर आणि एक लाइट. पण टेम्पोवाला उलट मलाच म्हणतो, तुम्हीच गाडी मागं घेतली. म्हटलं थांब दादा, कॅमेरा आहे (डॅशकॅम, म्हणजे गाडीत बसवलेला, रस्त्याचं सतत रेकॉर्डिंग करणारा). घरी येऊन रुबाबात त्यातलं मेमरी कार्ड लॅपटॉपला लावलं आणि बघतो तर शेवटची क्लिप ११ मार्चची! दोन महिने कॅमेऱ्याचा दिवा रोज इमानेइतबारे लुकलुकत होता आणि आत काहीच साठत नव्हतं. (एररची बीप वाजत असणार, पण ती कटकट नको म्हणून मीच बंद करून ठेवलेली, त्यामुळे बोलायला जागा नाही.)

पुढची गंमत बघा. कार्ड फॉरमॅट केलं, 'फॉरमॅट पूर्ण' असा मेसेजपण आला, काढून परत लावलं तर त्याच सगळ्या क्लिप्स जागच्या जागी हजर. भुताटकी नाही ही. कार्डात मेमरीच्या चिपसोबत एक छोटा कंट्रोलर असतो, खराब झालेल्या जागांच्या बदल्यात राखीव जागा वापरत वापरत तो गाडी ढकलत असतो, आणि राखीव साठा संपला की बरेच कंट्रोलर कार्डाला कुलूप लावतात. मग वाचता येतं, लिहिता येत नाही, पुसताही येत नाही. म्हणजे कार्ड बिघडलं नव्हतं, झिजून संपलं होतं.

आता कार्ड झिजतं म्हणजे काय, त्यात फिरणारं तर काहीच नाही. फ्लॅश मेमरी हा प्रकार तोशिबातल्या फुजिओ मासुओका यांनी १९८० च्या दशकात काढला, आणि तत्त्व आजही तेच आहे, एका इवल्याशा कप्प्यात इलेक्ट्रॉन कोंडायचे, किती कोंडलेत त्यावरून माहिती वाचायची. समजा तो कप्पा म्हणजे माठ. पूर्वीच्या एसएलसी कार्डात माठ भरलेला की रिकामा एवढंच बघायचं. मग स्वस्तात जास्त जीबी हवे म्हणून एकाच माठात पाण्याच्या ८ वेगवेगळ्या पातळ्या मोजायला लागले, हे टीएलसी, आणि १६ पातळ्या मोजल्या की क्यूएलसी. पातळ्या जितक्या जास्त तितकं थोडंसं पाझरलं तरी मोजणी चुकणार. आणि खरी मेख ही की भरताना नि रिकामा करताना इलेक्ट्रॉन माठाच्या भिंतीतूनच जबरदस्तीनं आरपार ढकलावे लागतात, दुसरं तोंडच नाही त्याला, त्यामुळे दर खेपेला भिंत थोडी थोडी खराब होत जाते. एसएलसी साधारण १ लाख खेपा काढायचं, टीएलसी १ ते ३ हजार, आणि क्यूएलसी काही शे ते हजार. आज बाजारातली साधी कार्डं या शेवटच्या दोन जातींतलीच असतात, आणि पाकिटावर जात लिहायची पद्धत नाही.

फोनमध्ये याचा त्रास होत नाही कारण फोनमध्ये आपण फोटो एकदा टाकतो आणि वर्षानुवर्षं बघतो. डॅशकॅम उलटा. तो लिहीतच असतो, जागा संपली की सगळ्यात जुनी क्लिप पुसून त्यावर लिहितो. माझा हिशोब सांगतो, १६ एमबीपीएसनं (सेकंदाला १६ मेगाबिट, आणि ८ बिटांचा एक बाइट) रेकॉर्डिंग म्हणजे सेकंदाला २ एमबी, तासाला ७.२ जीबी. रोज दोन तास गाडी चालली तर १४ जीबीच्या वर, म्हणजे ३२ जीबीचं कार्ड दोन-सव्वादोन दिवसांत एकदा पूर्ण पुसून नव्यानं लिहिलं जातं, वर्षाला १६० च्या वर खेपा. ठीक आहे की, हजार खेपा धरल्या तरी कागदावर पाच-सहा वर्षं निघतील. पण तेच कार्ड बारा तास चालणाऱ्या टॅक्सीत घाला, वर्षात हजाराच्या आसपास खेपा! मागचा कॅमेरा पण लावला किंवा गाडी उभी असतानाही रेकॉर्डिंग चालू ठेवलं की कागदावरची वर्षं भराभर कमी होतात, माझे दोन्ही चालू होते.

हा खेळ फक्त आपल्या चिल्लर कार्डाचा नाही. टेस्लाच्या जुन्या मॉडेल एस आणि एक्स गाड्यांत मधल्या स्क्रीनच्या मागे ८ जीबीची फ्लॅश होती, ३००० खेपांची. दिवसाला साधारण १.४ खेप या दरानं ती पाच-सहा वर्षांत संपायला लागली, स्क्रीन काळी पडायची, आणि तिच्यासोबत रिव्हर्स कॅमेरापण जायचा. शेवटी फेब्रुवारी २०२१ मध्ये अमेरिकेत जवळजवळ १ लाख ३५ हजार गाड्या परत बोलवाव्या लागल्या.

मग घ्यायचं काय? दुकानात पहिला प्रश्न येतो, 'क्लास १० देऊ का यू३?' हा प्रश्नच चुकीचा आहे हो. हे लिहिण्याच्या वेगाचे शिक्के, क्लास १० म्हणजे सेकंदाला किमान १० एमबी, यू३ आणि व्ही३० म्हणजे ३०. ४के कॅमेरासुद्धा ५० एमबीपीएसनं लिहीत असेल तर सेकंदाला सहा-साडेसहा एमबी झाले. वेग कुठंच कमी पडत नाही (कॅमेऱ्याच्या पुस्तकात यू३ लिहिलंय तर घ्या बापडे). ए१, ए२ हे शिक्के तर फोनमधल्या अॅपसाठी. आपल्याला हवा टिकाऊपणा, आणि त्यासाठी पाकिटावर 'एन्ड्युरन्स' शब्द शोधायचा, नंतर त्याच्या शेजारचे रेकॉर्डिंगचे तास बघायचे, कारण एन्ड्युरन्स एन्ड्युरन्समध्येही फरक असतो. सॅनडिस्कचं १२८ जीबीचं हाय एन्ड्युरन्स १०,००० तास सांगतं, त्याच कंपनीचं मॅक्स एन्ड्युरन्स ६०,००० तास, सॅमसंगचं २०२२ चं प्रो एन्ड्युरन्स ७०,०८० तास, म्हणजे बरोब्बर आठ वर्षं अखंड. हे आकडे २६ एमबीपीएसच्या फुल एचडीसाठी धरलेले आहेत, त्या वेगानं १२८ जीबी भरायला साधारण ११ तास लागतात, त्यामुळे तासांना ११ नं भागा, पहिल्याच्या ९०० खेपा निघतात आणि शेवटच्याच्या ६४०० च्या आसपास! नावं जवळजवळ सारखी, माल वेगळा. आणि ६४ जीबी घेतलं की तास निम्मे, २५६ घेतलं की दुप्पट, कारण तेवढंच लिखाण जास्त माठांत वाटलं जातं. म्हणून कॅमेरा पेलत असेल तेवढं मोठं घ्या, हे माझं स्पष्ट मत, आठ दिवसांचं फुटेज कुणी बघत नाही हे माहीत असूनसुद्धा. साध्या कार्डाच्या वॉरंटीत तर बऱ्याचदा बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की डॅशकॅम, सीसीटीव्हीसारखा वापर केला तर वॉरंटी लागू नाही, ते आधी वाचा.

उन्हाचं वेगळं. २०१८ मध्ये अॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या लोकांनी कडक उन्हाळ्यात गाड्या उन्हात लावून मोजलं होतं, तासाभरात गाडीतली हवा ४७ अंशांपर्यंत आणि डॅशबोर्ड ६९ अंशांपर्यंत. आमच्याकडे मे महिन्यात बाहेरच ४५ असतं. कार्डं बहुतेक ८५ अंशांपर्यंत चालतात असं लिहिलेलं असतं, चालतातही, पण गरम माठ लवकर पाझरतो, आणि भिंत आधीच झिजली असेल तर अजून लवकर. त्यामुळे अपघाताची क्लिप महत्त्वाची असेल तर त्याच दिवशी फोनवर काढून घ्या, कार्डावर तापत ठेवू नका.

आणि खड्डे! कॅमेऱ्यातला जी-सेन्सर धक्का बसला की अपघात समजून ती क्लिप लॉक करतो, तिच्यावर पुन्हा लिहीत नाही. आपल्या रस्त्यांवर दिवसाला दहा अपघात होतात त्याच्या मते. अशा लॉक क्लिप्स साठत जातात, काही कॅमेऱ्यांत त्या निम्मं कार्ड खातात. म्हणून बाकीच्या निम्म्यावरच सगळी झीज पडते असं नाही, कंट्रोलर आतल्या आत जागा फिरवत असतो, पण फिरवायला मोकळी जागा कमी मिळते आणि त्याचं काम वाढतं. सेन्सिटिव्हिटी 'लो' करा आणि महिन्यातून एकदा कॅमेऱ्यातच फॉरमॅट मारा, मी पेट्रोलचा पहिला फुल टँक करतो त्या दिवशी मारतो.

नवं कार्ड घेतलं तेव्हा एक काम केलं, एच२टेस्टडब्ल्यू नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे (मॅक आणि लिनक्सवाल्यांना एफ३), ते पूर्ण कार्ड भरतं आणि परत वाचून ताडून बघतं, कार्ड खरंच तेवढ्या जीबीचं आहे का. पहिलं मागवलेलं कार्ड १२८ चं म्हणून आलं, पाकीट चकाचक, होलोग्रामसुद्धा होता. टेस्ट लावून जेवायला गेलो, येऊन बघतो तर पहिले साडेसात जीबी बरोबर आणि पुढे सगळा कचरा. परत केलं, दुसरं आलं ते पास झालं, आणि आता बीप चालू ठेवलीय.