डोळ्यातल्या इंजेक्शनामागचा इतिहास

मोतीबिंदू काढला, लेन्स छान बसली, तरी समोरच्याचा चेहरा ओळखू येत नाही, अशी तक्रार काही ज्येष्ठ करतात. कडेचं दिसतं, मधोमध मात्र डाग. दोष असतो डोळ्यातल्या पडद्याच्या (रेटिनाच्या) मध्यभागात, मॅक्युलात. उतारवयातल्या या झिजेचे प्रकार दोन, कोरडा आणि ओला. ओल्या प्रकारात पडद्याखाली नको तिथे नव्या रक्तवाहिन्या फुटतात आणि पाझरतात. दाराची सरळ चौकट वाकडी दिसू लागते.

१९८०च्या दशकात यावर इलाज म्हणजे लेसरने त्या वाहिन्या जाळणं. सोबत वरचा पडदाही जळायचा. २००० साली व्हर्टेपोर्फिन हे प्रकाशाने चेतवायचं औषध आलं, तेही ऱ्हास फक्त मंदावणारं.

खरी वाट सापडली ती कर्करोगाच्या संशोधनात. गाठीला वाढायला नव्या रक्तवाहिन्या लागतात, त्याच रोखा, असं अमेरिकी शल्यविशारद ज्युडा फोकमन यांनी १९७१ मध्ये मांडलं. या वाहिन्या वाढवणारं प्रथिन, व्हीईजीएफ, नेपोलिओने फेरारा यांनी १९८९ मध्ये जेनेन्टेक कंपनीत वेगळं काढलं. त्याला अडवणारं बेव्हॅसिझुमॅब २००४ मध्ये आतड्याच्या कर्करोगासाठी मंजूर झालं. डोळ्यासाठी कंपनी त्याचंच भावंड, रॅनिबिझुमॅब, तयार करत होती. ते २००६ मध्ये आलं. पण मायामीचे डॉ. फिलिप रोझेनफेल्ड तोवर थांबले नाहीत. २००५ मध्येच त्यांनी कर्करोगाचं ते औषध इंजेक्शनाने थेंबभर डोळ्यात देऊन पाहिलं, आणि गुण आला. एका कुपीतून अनेक डोस निघत, त्यामुळे डोसला साधारण ५० डॉलर. नव्या औषधाला २०००च्या आसपास. दोन्हींची तुलना कंपनीने कशाला करावी? ती सरकारी पैशातून झाली, आणि २०११ मध्ये कळलं की नजरेच्या बाबतीत दोन्ही तोडीस तोड. भारतात २०१५ मध्ये इंटास कंपनीने रॅनिबिझुमॅबचं बायोसिमिलर, म्हणजे मूळ औषधाशी मिळतंजुळतं जैविक औषध, आणलं. पुढे अफ्लिबरसेप्ट, फॅरिसिमॅब ही औषधं आली, तशी दोन इंजेक्शनांमधलं अंतर वाढत गेलं.

कोरड्या प्रकाराच्या वाट्याला बराच काळ फक्त गोळ्या होत्या. २००१च्या अमेरिकी अभ्यासात ठरावीक जीवनसत्त्वं आणि जस्त यांमुळे आजार बळावण्याचा धोका सुमारे २५ टक्क्यांनी घटला, तोही मधल्या टप्प्यावरच्या रुग्णांत. सरसकट सगळ्यांनी त्या गोळ्या घेण्यात अर्थ नाही. २००५ मध्ये रोगप्रतिकारशक्तीच्या ‘कॉम्प्लिमेंट’ यंत्रणेतल्या एका जनुकाशी या आजाराचा संबंध सापडला. त्याच यंत्रणेवर काम करणारी दोन इंजेक्शनं अमेरिकेत २०२३ मध्ये मंजूर झाली. झीज मंदावते, गेलेली नजर मात्र परतत नाही. युरोपच्या नियामकाने त्यांतल्या पेगसेटाकोप्लानला नकारच दिला.

गेलेल्या नजरेसाठीचा ठळक प्रयत्न म्हणजे ‘प्रिमा’: पडद्याखाली बसणारी २ मिलिमीटरची चिप आणि कॅमेरा लावलेला चष्मा. ऑक्टोबर २०२५ मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार अभ्यासात वर्षभर टिकलेल्या ३२ रुग्णांपैकी २६ जणांना अक्षरं वाचण्यात ठळक फरक पडला. दिसतं ते कृष्णधवल, आणि त्यासाठीही कित्येक महिने सराव करावा लागतो.